वाचकांचे प्रश्न : डिस्ट्रिब्युटरमधला चौदाचा आकडा

दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येऊन गेली की या सदराकडे जुन्या गाड्यांची पत्रं वाढतात. शेडमधली ताडपत्री निघते, बॅटरी चार्जिंगला जाते आणि मग प्रश्न सुरू होतात. यंदा बहुतेकांचा रोख टायमिंगवर आहे, म्हणजे पिस्टन पूर्ण वर येण्याच्या किती आधी ठिणगी टाकायची त्यावर. ‘टायमिंग किती डिग्री ठेवू?’ एवढ्या एका ओळीची पत्रं मी बाजूला ठेवली आहेत. गाडी कुठली, व्हॉल्व्ह उघड-मीट करणारा कॅम कुठला, प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कुठला हे न सांगता डिग्री विचारणं म्हणजे पायाचं माप न देता कोल्हापुरी चप्पल मागवणं. शाहूपुरीच्या एका वाचकानं मात्र सगळा तपशील दिलाय, म्हणून या वेळी जास्त जागा त्यांना.

प्रश्न : मिस्त्री, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे वडिलांची १९७२ ची अँबॅसेडर मार्क टू आहे. इंजिन मूळचंच, १४८९ सीसीचं. इंजिन उतरवलं तेव्हा हौसेनं परदेशातून स्पोर्ट कॅम मागवून बसवला. कॅमच्या कार्डावर इनलेट २७–६३, एक्झॉस्ट ६७–२३ असं छापलंय. हेडला हात लावलेला नाही, कॉम्प्रेशन ७.५. कार्बोरेटर एकच, सोलेक्स. हायवेला गाडी सुंदर पळते, पण गावात नको जीव करते. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला बंद पडते, दोन हजार आरपीएमच्या खाली पिकअप नाही, गंगावेशच्या गर्दीत पाणी उकळतं. एका मिस्त्रीनं टायमिंग पुढं घेतलं तर स्लो (पाय सोडल्यावरची इंजिनाची चाल) छान झाला, पण पन्हाळ्याच्या चढाला इंजिन खडखडायला लागलं. दुसऱ्यानं परत मूळ ५ डिग्रीवर आणून ठेवलं. तिसरा म्हणतो, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. डिस्ट्रिब्युटर लुकास-टीव्हीएसचा आहे, व्हॅक्यूमवाला. आत १४ असा आकडा कोरलाय. नेमकं काय करू? — एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : पहिल्या दोघा मिस्त्रींपैकी कुणाचंच चुकलेलं नाही, आणि तरी गाडी सुधारलेली नाही. एकानं स्लोची सोय बघितली, दुसऱ्यानं चढाची. डिस्ट्रिब्युटर नुसता फिरवून दोन्ही एकाच वेळी साधत नाही, कारण फिरवलं की सुरुवातीचं आणि शेवटचं टायमिंग एकत्रच सरकतं. तुमच्या गाडीला सुरुवात पुढं हवी आहे आणि शेवट आहे तिथंच हवाय. म्हणजे काम डिस्ट्रिब्युटरच्या आत आहे. तुम्ही जाता जाता लिहिलेला तो १४ चा आकडाच सगळ्या पत्रातला मुद्द्याचा आकडा आहे. त्याच्याकडे येतो, पण आधी कॅमनं काय केलं ते बघू.

ठिणगी पडली की आग एकदम चेंबरभर होत नाही, तिला पसरायला वेळ लागतो. पिस्टनवरचा सगळ्यात जास्त दाब टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) ओलांडल्यावर बारा-पंधरा डिग्रीला आला तर ताकद पदरात पडते, म्हणून ठिणगी आधी टाकायची. ३००० आरपीएमला क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) एका मिलिसेकंदात १८ डिग्री फिरतो, ९०० ला जेमतेम साडेपाच. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. ते काम डिस्ट्रिब्युटरमधली फिरती वजनं करतात. इथवर सगळ्यांना माहीत असतं. विसरतं ते दुसरं अंग : आग पसरायला लागणारा वेळ सगळीकडे सारखा नसतो. सिलिंडर गच्च भरलेला असेल तर आग झपाट्यानं जाते. चार्ज (आतलं हवा-पेट्रोलचं मिश्रण) विरळ असेल, त्यात जळका वायू मिसळलेला असेल, तर ती रेंगाळते.

आता तुमचं कार्ड. इनलेट टीडीसीच्या आधी २७ ला उघडतो आणि एक्झॉस्ट टीडीसीनंतर २३ ला मिटतो. म्हणजे क्रँकच्या ५० डिग्रीभर दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे. साध्या घरगुती कॅममध्ये हे ओव्हरलॅप पंधराच्या आसपास असतं. स्लोला थ्रॉटल जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमध्ये ओढ, आणि दोन्ही दारं उघडी. मग एक्झॉस्टमधला जळका वायू उलटा आत येणारच. त्यात या इंजिनाच्या हेडला चार सिलिंडरना मिळून इनलेटची तोंडं दोनच. शेजारी-शेजारी एकमेकांच्या वाट्याचं ओढतात. असला पातळ, धुरकट चार्ज ५ डिग्रीच्या ठिणगीनं पेटवला तर तो पिस्टन खाली निम्म्यात गेला तरी जळतच राहतो. ती उष्णता क्रँकला मिळत नाही, ती एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. गंगावेशमध्ये पाणी उकळतं ते यामुळं. रेडिएटर बदलायचा सल्ला कुणी दिला असेल तर पैसे सध्या खिशातच राहू द्या.

दुसरा आकडा ६३. इनलेट बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली असतो ती जागा) ६३ ला मिटतो; साध्या कॅमचा ४५ च्या आसपास. कागदावर फरक फक्त १८ डिग्रींचा, पण पिस्टनच्या भाषेत बघा. तुमचा स्ट्रोक ८८.९ मिमी. ४५ ला व्हॉल्व्ह मिटला तर पिस्टन १० मिमी वर आलेला असतो, ६३ ला तो साडेएकोणीस मिमी वर आलेला असतो. खरं कॉम्प्रेशन व्हॉल्व्ह मिटल्यावर सुरू होतं. हिशेब केला तर ७.५ च्या हेडवर जुना कॅम प्रत्यक्षात ६.८ च्या जवळ दाबत होता, नवा ६.१ दाबतो. वेग चढला की आत येणाऱ्या हवेला स्वतःचा रेटा येतो आणि ती उशिरापर्यंत भरत राहते, म्हणून हायवेला गाडी झकास. दोन हजारच्या खाली तो रेटा नाही. आलेली हवा पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. कॉम्प्रेशन गेज लावून कुणी ‘रिंगा गेल्या’ म्हणालं तर आधी हे ६३ दाखवा. नव्या कॅमवर क्रँकिंगचं कॉम्प्रेशन कमीच दिसणार.

म्हणून माझं पहिलं मत, आणि ते टायमिंगबद्दल नाही : हा कॅम ठेवायचा असेल तर हेड मोजून घासून घ्या. याच इंजिनाच्या एमजी अवतारात कॉम्प्रेशन ८.३ च्या आसपास असायचं. तुमच्या कॅमला ८.३ दिलं तर प्रत्यक्षातलं कॉम्प्रेशन ६.७ येतं, म्हणजे जुन्या कॅमचं होतं जवळजवळ तेवढंच. गेलेला खालचा दम बराचसा इथंच परत मिळतो. त्यासाठी दर सिलिंडरमागे चेंबरची जागा सुमारे ५७ सीसीवरून ५१ वर यायला हवी. किती मिमी घासायचं, हे चेंबरमध्ये सिरिंजनं तेल भरून मोजल्याशिवाय सांगणाऱ्या माणसाकडे हेड देऊ नका. उद्यमनगरात मोजून काम करणारे आहेत, शोधलं की सापडतात. आणि घासल्यावर पुशरॉडची लांबी, रॉकरचा कोन तपासायला विसरू नका.

आता १४. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनांवर बसणाऱ्या कॅमच्या पायाशी हा आकडा कोरलेला असतो. वजनं पूर्ण उघडली की डिस्ट्रिब्युटर किती डिग्री पुढं जातो, तो हा आकडा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून क्रँकवर मोजताना दुप्पट करायचं : २८. मूळ टायमिंग ५, त्यात २८, एकूण ३३. मूळ कॅमला हे शोभत होतं. पहिल्या मिस्त्रीनं स्लो सुधारण्यासाठी पाचाचे चौदा केले असतील असं धरलं, तर वरचं एकूण झालं ४२. पन्हाळ्याच्या चढाला ते खडखडणार नाही तर काय करणार? वरच्या वेगाला तुमचा नवा कॅम सिलिंडर जुन्यापेक्षा जास्त भरतो, आग जास्त वेगानं जाते. तिथं ॲडव्हान्स (ठिणगी आधी टाकणं) वाढवायचं कारणच नाही, उलट एखादा डिग्री कमी चालेल.

तेव्हा लक्ष्य असं ठेवा : स्लोला १२, वर एकूण ३२. मधला फरक २०, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये १० हवेत, १४ नकोत. हेड घासल्यावर एकूण ३० पासून सुरुवात करा आणि चढ मानवतोय बघून वाढवा.

१० चा आकडा असलेला दुसरा डिस्ट्रिब्युटर भंगार बाजारात मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर आहे तोच बदलता येतो, आणि या कामाला महागडं यंत्र लागत नाही. कॅप काढा, रोटर वर उचला. रोटरखाली कॅमला धरणारा एक स्क्रू आहे. पॉइंट (सुटले की ठिणगी पडते तो स्विच), कंडेन्सर आणि पॉइंटची पाटी बाहेर काढली की खाली दोन वजनं, दोन स्प्रिंगा दिसतात. कॅमच्या पायाला एक शेपूट असतं. वजनं उघडली की ते फिरत जाऊन एका खुंटीला टेकतं आणि तिथं ॲडव्हान्स संपतो. त्या शेपटाच्या टेकणाऱ्या कडेवर थोडं पितळ ब्रेझिंगनं चढवून घ्यायचं. मग बारीक कानशीनं थोडं घासायचं, परत बसवायचं, वजनं बोटांनी पूर्ण उघडून किती फिरतंय ते डिग्रीच्या चकतीवर बघायचं. चौदाचे दहा होईपर्यंत हेच. जास्त घासलं गेलं तर पुन्हा पितळ चढवावं लागतं, म्हणून घाई नको. ब्रेझिंग करताना स्प्रिंगा काढून ठेवा. आच लागली की स्प्रिंग मेली, आणि ती मेल्याचं नुसतं बघून कळत नाही.

स्प्रिंगांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. दोन्ही सारख्या नसतात. एक पातळ, सतत ताणलेली. दुसरी जाड, तिच्या टोकाचा फासा सैल. वजनं थोडी उघडल्यावरच ती कामाला लागते. सैल दिसते म्हणून जाड स्प्रिंग वाकवून घट्ट करणारे हात मी पाहिलेत. तसं करू देऊ नका. तुमचं सिग्नलला बंद पडणं अर्धं पातळ स्प्रिंगेपाशी आहे, असा माझा संशय आहे. या कॅमला स्लो ९००-१००० वर ठेवावा लागतो. पातळ स्प्रिंग थकलेली असेल तर त्या वेगाला वजनं अर्धवट उघडलेली असतात. आरपीएम जरा उतरला की वजनं मिटतात, टायमिंग मागं जातं, म्हणून आरपीएम आणखी उतरतो, आणि क्लच दाबून न्यूट्रलला येताच गाडी गप्प. स्लोला टायमिंग लाइट मारून बघा. खूण एका जागी न राहता पुढं-मागं झुलत असेल तर हेच. वजनं ११०० च्या वर हलायला लागली पाहिजेत आणि ३५००च्या आत पूर्ण उघडली पाहिजेत. खूण झुलत नाही पण दोन-दोन दिसते, तर शाफ्टची बुश गेली आहे. ती बदलल्याशिवाय वरचं काहीच करू नका.

स्लोचं टायमिंग पुढं घेतलं की आणखी एक फायदा होतो, तो सहसा कुणी सांगत नाही. आज ५ डिग्रीवर इंजिन चालू ठेवायला तुम्हाला स्लोचा स्क्रू बराच आत पिळावा लागला असेल. म्हणजे थ्रॉटलची पाकळी गरजेपेक्षा जास्त उघडी आहे. तिच्या कडेजवळ बारीक भोकं असतात, ॲक्सिलेटर हलकेच दाबल्यावर पेट्रोल द्यायला. पाकळी आधीच त्यांच्या पुढं गेली असेल तर पाय ठेवल्यावर द्यायला ती भोकं शिल्लकच राहत नाहीत. गाडी पहिल्यांदा अडखळते आणि मग धावते. १२ डिग्री दिल्यावर आरपीएम आपोआप चढेल, तेव्हा स्क्रू बाहेर घ्या, पाकळी मिटू द्या. दोन हजारच्या खालचा पिकअप इथं थोडा सापडेल. जेट बदलायला नंतर जा.

व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरवरच्या मूळ जागीच राहू द्या, मॅनिफोल्डला लावू नका. पूर्वी स्लोला गेज १६-१७ इंच स्थिर दाखवत असेल, आता १२-१३ वर नाचत असेल. असल्या नाचणाऱ्या व्हॅक्यूमवर डिस्ट्रिब्युटरला लावलेल्या व्हॅक्यूमच्या डबीचा पडदा थरथरतो आणि पॉइंटची पाटी त्याबरोबर हलते. पुस्तकातल्या आकड्यांशी ताडताना एवढं धरा की कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. मुंबईपेक्षा इथं गेज जवळजवळ दोन इंच कमीच दाखवणार. टायमिंग लावताना नळी काढून तोंड बंद करा, मग जोडा. डबी अजिबात काढून टाकायचा सल्ला शर्यतवाल्यांचा आहे. कागल-निपाणी रस्त्याला अर्ध्या पायानं चालताना चार्ज विरळ असतो, तिथं व्हॅक्यूमचा जादा ॲडव्हान्स पेट्रोल वाचवतो. नळी तोंडानं ओढून बघा, पाटी हलून तशीच धरून राहिली पाहिजे. न हलल्यास पडदा फाटलाय.

हे सगळं करण्याआधी एक तपासणी, तीही पुढचं कव्हर उघडून. कॅम बसवताना चेनच्या दोन्ही चक्रांवरच्या खुणा समोरासमोर आणल्या असतील, पण कॅम दुसऱ्याचा, चक्र जुनं, चाव्या जुन्या. तीन-चार डिग्रींचा फरक सहज पडतो. प्लगच्या भोकातून पिस्टन-अडवा घालून, दोन्ही बाजूंचे आकडे घेऊन मध्य काढून टीडीसी पक्का करा. पुलीवरच्या खाचेवर आंधळा विश्वास नको. मग डिग्रीच्या चकतीवर पहिल्या सिलिंडरचा इनलेट पूर्ण उघडा कुठं होतो ते मोजा. तुमच्या कार्डाच्या आकड्यांवरून तो टीडीसीनंतर १०८ ला यायला हवा. ११२-११३ ला येत असेल तर इनलेट आणखी उशिरा मिटतोय, आणि खालचा दम तुम्ही कॅम बसवतानाच घालवलाय. सरकवलेली चावी घालून तो १०८ ला किंवा अगदी १०६ ला आणा. टॅपेटची फट मूळ पुस्तकातली नको, नव्या कॅमच्या कार्डावरची ठेवा. फट वाढली की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो, म्हणजे कॅमच बदलल्यासारखं होतं.

तिसऱ्या मिस्त्रीचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. वाईट नाही. पॉइंट घासले जात नाहीत, म्हणून टायमिंग टिकतं. पण डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारं किट पॉइंटची जागा घेतं, वजनं आणि स्प्रिंगा त्याच राहतात. चौदाचे दहा ते करत नाही. आजार वजनांचा आणि औषध पॉइंटला, असं होईल. बसवायचंच असेल तर जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असायचा, हे ध्यानात ठेवून तुमच्या गाडीची वायरिंग आधी बघा. उलटं जोडलं की किट त्याच क्षणी जातं.

शेवटी परीक्षा. इंजिन पूर्ण गरम, तिसरा गियर, दोन हजारच्या आसपास, पाय पूर्ण दाबून चढ. काचा खाली. खडखड आली तर डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या दोन डिग्रींनी मागं घ्या आणि पुन्हा चढा. मात्र पन्हाळ्यावर समाधान मानू नका. तो कोल्हापूरपेक्षा उंच, हवा विरळ, सिलिंडर कमी भरतो. पन्हाळ्याला पास झालेलं टायमिंग साखरप्याला नापास होऊ शकतं. कोकणातून आंबा घाट चढताना, खालच्या दमट-दाट हवेत, उन्हाच्या वेळी, चार माणसं बसवून गाडी गप्प चढली, तर टायमिंग लागलं म्हणा. गाडीच्या मागच्या सीटवर बसून ऐकणारा एक जाणकार कान सोबत घ्या. चालवणाऱ्याला आपल्या गाडीचं वाईट ऐकूच येत नाही.

प्रश्न : १९८० च्या दशकातली बुलेट ३५०. उंच लिफ्टचे दोन्ही कॅम टाकलेत. मूळ टायमिंग ०.८ मिमी ठेवू की वाढवू? सकाळी किक उलटी मारते. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : किक उलटी मारतेय म्हणजे आत्ताच ०.८ नाही, जास्त आहे. हा आकडा ॲडव्हान्सची वजनं पूर्ण मिटलेली असतानाचा, पिस्टन टीडीसीच्या ०.८ मिमी खाली असताना पॉइंट सुटतात तो. क्रँकवर साधारण दहा डिग्री. मोजताना वजनांतली स्प्रिंग ढिली पडून ती अर्धी उघडी राहिली असेल तर तुम्ही ०.८ लावता आणि गाडी मात्र भलतंच घेते. आधी पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी. हा क्रम बदलू नका, कारण फट वाढवली की पॉइंट लवकर सुटतात आणि टायमिंग आपोआप पुढं जातं. बहुतेक उलट्या किका इथंच जन्मतात.

प्लगच्या भोकातून स्पोक घालून मोजत असाल तर भोक तिरपं आहे, हे लक्षात घ्या; स्पोक सरकतो तेवढाच पिस्टन सरकत नाही. पॉइंट कधी सुटतात ते सिगारेटच्या पातळ कागदानं बघा किंवा हेडलाइटवरच्या अँमीटरचा काटा शून्यावर येतो त्यावरून. कॅम सौम्य असेल तर १ मिमीपर्यंत जा, त्यापुढं पायाची नडगी आणि क्रँकपिन दोन्ही धोक्यात. दोन्ही कॅमच्या दात्यांवरच्या खुणा जुळल्यात ना, तेही बघा.

प्रश्न : माझ्या येझदीला परफॉर्मन्स कॅम कुठं मिळेल? — गडहिंग्लज

उत्तर : कुठंच नाही. जुनी येझदी टू-स्ट्रोक. तिच्यात कॅम नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. जे काम कॅम करतो ते तिथं सिलिंडरला पाडलेली पोर्टची तोंडं करतात, आणि ती कानशीनं वाढवायच्या फंदात पडू नका. कॅम विकणारा भेटलाच तर त्याचा पत्ता इकडे कळवा.

प्रश्न : पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. आमच्या जुन्या फियाटचं टायमिंग त्यासाठी बदलावं का? — कागल

उत्तर : आधी टायमिंग नको, आधी मिक्श्चर बघा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. जेट जुनाच राहिला तर इंजिन सातआठ टक्के पातळ चालतं. पातळ चार्ज हळू जळतो, म्हणून गाडी दमल्यासारखी वाटते आणि माणसं डिस्ट्रिब्युटरला हात घालतात. स्लोचा मिक्श्चर स्क्रू आणि मेन जेट नीट करा, प्लगच्या चिनीमातीवर विटकरी रंग येऊ द्या. खडखडीच्या बाबतीत इथेनॉल उलट मदतच करतं. आपल्याच उसाचं असलं तरी जुन्या रबराशी मात्र त्याचं पटत नाही. पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या, कार्बोरेटरची वॉशरं इथेनॉलला चालणारी घाला. गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, पाणी धरते.

प्रश्न : टायमिंग लाइट नाही, आणि आमच्या गावात कुणाकडेही नाही. मग? — राधानगरी

उत्तर : बारा व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी घ्या. एक वायर डिस्ट्रिब्युटरला कॉइलकडून येणाऱ्या बारीक तारेच्या स्क्रूवर, दुसरी बॉडीला. प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हातानं फिरेल. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना क्रँक चालत्या दिशेनं फिरवत हव्या त्या खुणेवर आणा. पुढं गेलात तर नुसतं मागं येऊन थांबू नका. बरंच मागं जाऊन परत पुढं या, म्हणजे चेनचा ढिलेपणा एकाच बाजूला राहतो. आता इग्निशन चालू करा, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करा. रोटर फिरतो त्या दिशेनं डिस्ट्रिब्युटर थोडा वळवा, म्हणजे पॉइंट मिटून बल्ब विझेल. मग उलट दिशेनं अगदी हळू आणा. बल्ब पेटला ती जागा ठिणगीची. क्लॅम्प आवळा. आवळताना डिस्ट्रिब्युटर हमखास केसभर फिरतो, म्हणून क्रँक दोन फेरे फिरवून बल्ब त्याच खुणेवर पेटतोय का ते परत बघा. काम झालं की इग्निशन लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून जाते.